कूलरचं गवत आणि रेडिएटरचं पोट

मार्च लागला की मराठवाड्यात घरोघरी कूलर बाहेर निघतात. जाळीत मागच्या उन्हाळ्याचं गवत तसंच राहिलेलं असतं, पण त्याला गवत म्हणावं असं काही उरलेलं नसतं. काडी-काडीवर पांढरं कवच, दाबलं की खडूसारखं मोडणारं. टाकीच्या तळाशी तोच थर, पंपाच्या चाळणीवरही तोच. बोअरच्या पाण्यानं एका उन्हाळ्यात एवढं केलं. हेच पाणी एखाद्या गाडीच्या रेडिएटरमध्ये पंचवीस वर्षं पडत आलं असेल तर आत काय असेल, याचा अंदाज त्या गवताकडे बघूनच करावा.

जुनी गाडी घरच्या घरी उभी करायला घेणारे बहुतेक लोक पत्र्यापासून सुरुवात करतात. आधी डेंटर, मग रंग, मग क्रोम. मुंबईत किंवा कोकणात ते बरोबरही असेल, तिथली दमट खारी हवा पत्रा खाऊन टाकते. इकडं हवा कोरडी. लातूर-बीडकडं एखाद्या शेडमध्ये पंधरा-वीस वर्षं उभी राहिलेली गाडी पुसून बघितली तर धुळीखाली पत्रा बऱ्यापैकी शाबूत निघतो. इकडच्या गाडीचं दुखणं पोटात असतं. पाणी फिरतं तिथं, पेट्रोल फिरतं तिथं आणि जिथं जिथं रबर आहे तिथं. त्यामुळं रंगाचा डबा सगळ्यात शेवटी उघडावा. नवा रंग मारलेली गाडी पहिल्याच मे महिन्यात बोनेट वर करून, वाफा सोडत रस्त्याच्या कडेला उभी दिसते, ती याच उलट क्रमामुळं.

पुढचं सगळं प्रीमियर पद्मिनी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे, कारण घरी काम करायला तिच्याइतकी सोपी गाडी क्वचित. १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट या नावानं आणि १९७४ च्या सुमारास पद्मिनी या नावानं ती कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली. इंजिन १०८९ सीसीचं, बोअर (इथं सिलिंडरचा व्यास) ६८ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५. ब्लॉक बिडाचा (धातू, जिल्हा नव्हे) आणि हेड, म्हणजे त्यावरचं झाकण, ॲल्युमिनियमचं. या दोन धातूंची जोडी लक्षात ठेवावी, पुढं तिचं काम पडतं. ॲम्बॅसेडर किंवा जीपवाल्यांनाही बहुतेक मजकूर जसाच्या तसा चालेल, फक्त पाने वेगळे. पद्मिनीला मिलिमीटरचे, त्या दोघींना इंची. १३ चा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्याच जोराला नटाचे कोपरे गोल करतो.

रेडिएटरमध्ये क्षार साचतो कसा, हे एकदा हिशेबानं बघू. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपत आलेल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. पाणी तापलं की त्यातला काही भाग चुन्याच्या रूपात बाहेर पडतो आणि जिथं उष्णता जास्त तिथं चिकटतो. बोअरच्या पाण्याचा जडपणा लिटरला ५०० मिलिग्रॅम धरू. पंपाचं सील थोडं गळतंय, झाकणाचा वॉशर गेलाय, म्हणून आठवड्याला एक लिटर पाणी वरून घालावं लागतंय. पाणी वाफ होऊन उडतं, क्षार कुठं जात नाही. वर्षाला ५२ लिटर म्हणजे २६ ग्रॅम. पंधरा वर्षांत ३९० ग्रॅम. सगळा चिकटत नाही हे खरं, पण निम्मा जरी चिकटला तरी तो पसरतो कुठं? काडेपेटीच्या जाडीपेक्षाही बारीक, चपट्या पितळी नळ्यांच्या आतून. उष्णता वाहून नेण्यात चुन्याचा थर पितळेच्या पन्नासपट मागं आहे. बाहेरून रेडिएटर चकाचक आणि आतून प्रत्येक नळीला स्वेटर घातलेला, अशी ती अवस्था.

म्हणून सवय आधी बदलावी लागते. नुसतं पाणी घालत राहणं हा उपाय नाही, तोच रोग आहे. गळती बंद करून एकदाच चांगलं पाणी भरलं तर त्या पाच लिटरमध्ये असलेला क्षार बाहेर पडून संपतो, नवा येत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातूरमध्ये गाडीसाठी वेगळं पाणी ठेवायची भाषा चैनीची वाटेल. पण इथं प्रश्न वर्षाला पाच लिटर डिस्टिल्ड पाण्याचा आहे आणि ते बॅटरीच्या दुकानात मिळतं. घरच्या आरओचं शुद्ध पाणी वेळप्रसंगी चालेल. त्याचं बाजूच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र चुकूनही नको, बोअरचा सगळा क्षार त्यातच आटवून बाहेर टाकलेला असतो.

आता साफसफाई. रेडिएटर गाडीवर ठेवून ॲसिड घालायचं नाही. हेड ॲल्युमिनियमचं आहे आणि ॲल्युमिनियमला आम्ल सोसत नाही. पाणी सोडून, दोन्ही होज (रबरी पाइप) काढून, बोल्ट सोडवून रेडिएटर खाली घ्यावा. वजन फार नसतं, एकट्यानं होतं. जुने होज ओढून काढू नयेत. रेडिएटरची पितळी नळी त्या ओढण्यानं टाकीच्या जोडापाशी चिरते. होज ब्लेडनं उभा कापून सोलावा, तो तसाही बदलायचाच असतो.

आधी आत तेल आहे का ते बघावं. हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) कधी फुंकलं असेल तर पाण्यात तेलाचा अंश जातो आणि नळ्यांच्या आतून तेलकट थर धरतो. या थरावर आम्ल काम करत नाही, नुसतं वरून वाहून जातं. त्यामुळं पहिली धुलाई गरम पाणी आणि धुण्याचा सोडा, लिटरला दोन चमचे. अर्धा तास ठेवून, हलवून ओतून द्यावं. वर तवंग दिसला तर पुन्हा एकदा.

मग लिंबूसत्व. किराणा दुकानात कुठं ते लिंबूफूल म्हणूनही मिळतं. खालचं तोंड जुन्या ट्यूबचा तुकडा आणि क्लिप लावून बंद करावं. कोमट पाण्यात लिटरला ५० ग्रॅम या हिशेबानं लिंबूसत्व विरघळवून वरपर्यंत भरावं. झाकण लावू नये. आत क्षार असेल तर लगेच सोडा वॉटरसारखा आवाज यायला लागतो, तोंडाशी कान नेला तर बारीक चरचर ऐकू येते. तो कार्बन डायऑक्साइड, त्याला बाहेर पडायला वाट हवी. तासाभरात चरचर थांबते. थांबली याचा अर्थ क्षार संपला असा नाही, बहुतेक वेळा लिंबूसत्व संपलेलं असतं. १०० ग्रॅम चुन्याला साधारण १२८ ग्रॅम लिंबूसत्व लागतं. पाच लिटर द्रावणात २५० ग्रॅम असलं तरी ते जेमतेम १९५ ग्रॅम क्षार खाईल. वरचा ३९० चा आकडा आठवावा, म्हणजे एका भरणीत काम का होत नाही ते कळेल. ओतून द्यावं, ताजं भरावं. तिसऱ्या भरणीला चरचर आलीच नाही तर झालं.

इथं दोन चुका हमखास होतात. पहिली, पाणी उकळतं घेणं आणि रात्रभर तसंच ठेवणं. लिंबूसत्व आणि कॅल्शियम मिळून जो नवा क्षार बनतो तो गरम पाण्यात आणखीच कमी विरघळतो. रात्रभरात तो पांढऱ्या पिठासारखा नळ्यांच्या तळाशी बसतो आणि सकाळी रेडिएटर आधीपेक्षा जास्त तुंबलेला मिळतो. कोमट पाणी, एक-दीड तास, लगेच ओतणं, इतकंच. दुसरी चूक म्हणजे धीर सुटून फरशी धुवायचं ॲसिड घालणं. काम दहा मिनिटांत होतं यात शंका नाही. पण ते ॲसिड जोडांच्या डागाला (सोल्डरला) कुरतडतं आणि पितळेतलं जस्त ओढून घेतं. असा रेडिएटर ओळखता येतो. टाकीच्या तोंडातून टॉर्च मारली की पिवळ्या पितळेवर तांब्यासारखे लालसर, गुलाबी चट्टे दिसतात. तिथं उरलेला धातू स्पंजासारखा भुसभुशीत असतो आणि तो पुढं कधी फुटेल हे नशिबावर.

शेवटी खाण्याचा सोडा दोन चमचे एका बादलीत कालवून आत फिरवावा, मग साधं पाणी खालच्या तोंडातून वर असं उलटं सोडावं. गाळ ज्या दिशेनं अडकला त्याच्या विरुद्ध ढकलला तर सुटतो. वॉशिंग सेंटरचा प्रेशर पंप लावू नये. नळाची धार पुरे. उलट्या धारेनं कधी गंजाचे तुकडे येतात, कधी कधी जुन्या गॅस्केटचे, आणि गॅरेजमध्ये कुणी कधी काळी गळती थांबवायला टाकलेली हळदही. हळद काय, अंड्याचा पांढरा भागही टाकतात लोक. रस्त्यावर अडकलेल्या माणसाची ती सोय आहे, तिला नावं ठेवू नयेत. मात्र घरी पोचल्यावर ती काढून टाकायची असते आणि ते कुणी करत नाही.

साफ केल्यावर रेडिएटर गळायला लागतो. याला लोक लिंबूसत्वाचा दोष म्हणतात. खरं म्हणजे भोक आधीपासूनच होतं, क्षारानं त्याला बूच मारलेलं होतं. टबमध्ये पाणी घेऊन रेडिएटर बुडवावा, तोंडं बंद करून सायकलच्या पंपानं हवा भरावी. हवेचा दाब चार-पाच पीएसआयच्या वर नेऊ नये. बुडबुड्याच्या जागी खिळ्यानं खूण करावी, खडूची पुसली जाते. टाकीच्या जोडावरची गळती घरी डाग देऊन बंद होते. कल्हईवाल्याला काम करताना ज्यांनी बघितलंय त्यांना ही क्रिया सांगायला नको. धातू घासून उजळ करायचा, नवसागर टाकायचा, तापवायचा, कथील आपोआप पसरतं. इथं कथिलाबरोबर शिसं असतं आणि मिश्रण १८३ अंशांच्या आसपास वितळायला लागतं. सगळी गोम उष्णतेत आहे. गॅसची टॉर्च धरली की शेजारचा चांगला जोडही सुटतो. डाग द्यायचं जाड तांब्याचं हत्यार तापवून, ओलं फडकं शेजारच्या जोडावर टाकून, तेवढ्याच जागी काम करावं. मधल्या नळीला भोक असेल किंवा तीन भरण्यांनंतरही पाणी हळूहळूच खाली येत असेल तर रेडिएटरवाल्याकडे द्यावा. तो वरची टाकी उघडून नळ्यांतून चपटी पट्टी फिरवतो. ते घरी करायचं काम नाही.

बाहेरच्या पंख्यांमध्ये, म्हणजे फिन्समध्ये, काळ्या मातीची धूळ आणि किडे बसलेले असतात. मागून पुढं पाणी मारावं. रंग द्यायचाच तर पातळ काळा, एकच हात.

रेडिएटर साफ करून जुन्याच ब्लॉकला जोडला तर आठवड्याभरात ब्लॉकमधला गाळ येऊन तो पुन्हा भरतो. ब्लॉकच्या कुशीला पत्र्याच्या गोल वाट्या बसवलेल्या असतात, त्या वेल्च प्लग. शेवटच्या सिलिंडरमागं पाण्याचा वेग कमी, त्यामुळं गाळ तिथं बसतो. प्लग काढल्यावर आत विटकरी रंगाचा, ओल्या मातीसारखा लगदा असतो. बाकदार तार आणि पाण्याची धार, दुसरं हत्यार लागत नाही. प्लग काढताना मधोमध पंच मारून आत ढकलू नये, तो ब्लॉकच्या आत पडला की बाहेर काढायला दिवस जातो. एका कडेला ठोकावं, तो आडवा फिरतो, मग पक्कडीनं ओढावा. नवे प्लग लोखंडाऐवजी पितळेचे मिळाले तर घ्यावेत. खोबण पॉलिश पेपरनं साफ करून, कडेला सीलंटचा पातळ हात देऊन, प्लगच्या मापाचा सॉकेट ठेवून सरळ ठोकावा.

थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी पुरेसं तापल्यावरच त्याला रेडिएटरकडं सोडणारी झडप, तर बहुतेक गाड्यांत नसतोच. ‘आपल्याकडं एवढं ऊन, त्याची काय गरज’ म्हणून कुणीतरी काढून टाकलेला असतो. थर्मोस्टॅट पाणी थंड ठेवत नाही हे खरं, पण तो इंजिनला त्याच्या नेमक्या तापमानावर लवकर आणतो. तो नसला तर डिसेंबरच्या सकाळी परभणीच्या थंडीत इंजिन कितीतरी वेळ गारच चालतं, चोक ओढून ठेवावा लागतो, जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं आणि पिस्टनच्या रिंगा झिजतात. नवा आणलेला आधी पातेल्यात तपासावा. पाण्यात दोरीनं लटकवून, शेजारी थर्मामीटर धरून पाणी तापवायचं. त्याच्यावर कोरलेल्या आकड्याच्या जवळपास तो उघडायला हवा. उघडलाच नाही तर तो तिथंच टाकून द्यावा. हे पातेलं पुन्हा स्वयंपाकात न गेलेलं बरं.

भरताना निम्मं डिस्टिल्ड पाणी आणि निम्मं कूलंट. इकडं बर्फ पडत नाही म्हणून कूलंट कशाला, असा प्रश्न येतो. ते घ्यायचं गंज थांबवण्यासाठी, शिवाय त्यानं पाण्याचा उकळबिंदूही थोडा वर जातो. बीड आणि ॲल्युमिनियम एकाच खाऱ्या पाण्यात बुडाले की ती एक छोटी बॅटरीच होते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. हेडच्या पाण्याच्या भोकांच्या कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या दिसतात त्या यामुळं. रंगावरून कूलंट निवडू नये, रंगाचा काही नियम नाही. डब्यावर तांबं, पितळ आणि डागाच्या जोडांना चालतं असं लिहिलेलं बघावं. आणि उघडं ठेवू नये. गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

कार्बुरेटरकडं वळू. इकडच्या उसाचा आणि त्याचा संबंध आता फार जवळचा झाला आहे. उसापासून इथेनॉल आणि ते पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत. बोअरचं पाणी पिऊन वाढलेला ऊस शेवटी पद्मिनीच्या कार्बुरेटरमध्ये येतो, असंही म्हणता येईल. चेष्टा सोडली तर त्रास तीन आहेत. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जुनं रबर फुगवतं किंवा कडक करतं, आणि त्याला जळायला हवा कमी लागते, म्हणजे जुन्या जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तुकड्यावर) पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ पडतं.

सोलेक्सच्या धर्तीच्या कार्बुरेटरचं अंग जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव असतं. बिदरी कामाचा मूळ धातूही जस्तच. तिथं नवसागर आणि बिदरच्या किल्ल्याच्या मातीनं जस्त काळं करतात. कार्बुरेटरच्या वाटीत पाणी साचलं की तो काळा न होता पांढरा फुलतो. मिठासारखे दाणे वाटीच्या तळाशी दिसतात. ते लाकडी काडीनं खरवडावेत, स्क्रूड्रायव्हरनं नाही. लिंबूसत्वात तर मुळीच टाकू नये. रेडिएटरला जे औषध ते जस्ताला विष, अर्ध्या तासात गुळगुळीत अंग खरखरीत होतं. साधा कार्बुरेटर क्लीनरचा स्प्रे, मऊ ब्रश आणि हवा.

जेटमध्ये तार घालायची सवय मोडायला हवी. जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, ११५ म्हणजे १.१५ मिलिमीटर. स्टीलच्या तारेनं एकदा ओरखडा पडला की तो आकडा खोटा होतो. मासे धरायची तंगूस घ्यावी, तीच आत-बाहेर करावी. तुंबलेला जेट उजेडाकडं धरून बघावा, भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. फ्लोट, म्हणजे वाटीत तरंगणारा पोकळ डबा, पितळेचा असेल तर हलवून आत पेट्रोल खळखळतं का ऐकावं, मग गरम पाण्यात बुडवावा. बारीक भोकातून बुडबुड्यांची एक सरळ रेघ येते. डाग द्यायच्या आधी आतलं पेट्रोल पूर्ण काढून वाळवणं हा जीवन-मरणाचा भाग आहे, इथं आळस नको. डाग थेंबभरच द्यावा, कारण फ्लोट जड झाला की तो खोल बसतो, वाटीतली पातळी वाढते आणि गाडी पेट्रोल प्यायला लागते.

कार्बुरेटरची खालची फ्लँज, म्हणजे इंजिनवर बसणारी सपाट कड, बहुतेक वेळा वाकलेली असते. वर्षानुवर्षं कुणी ना कुणी दोन नट जीव खाऊन आवळलेले असतात. जाड काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर पसरून त्यावर फ्लँज आठच्या आकड्यात घासावी. आधी फक्त दोन कानांवर चमक येते, मधला भाग काळाच राहतो. चमक सगळीकडं सारखी आली की थांबावं. दोन गॅस्केट एकावर एक घालून भागवलेल्या गाड्या पुष्कळ दिसतात, त्या आयडलिंगला कधीच स्थिर राहत नाहीत.

मिश्रण पातळ पडतंय का, हे स्पार्क प्लग सांगतो. पांढरट, भाजल्यासारखा प्लग असेल तर मेन जेट थोडा मोठा करावा. शुद्ध पेट्रोलवर लावलेल्या गाडीला २० टक्के इथेनॉलसाठी इंधन सात-आठ टक्के जास्त लागतं. जेटमधून जाणारं इंधन भोकाच्या क्षेत्रफळावर ठरतं, म्हणून व्यास फक्त चार टक्क्यांच्या आसपास वाढवावा लागतो. ११५ चा १२०, बस. एकदम १३० लावून काळा धूर काढणारे कमी नाहीत. पेट्रोलचे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारे घ्यावेत. जुन्या दुकानात वीस वर्षं पडून राहिलेला ‘ओरिजिनल’ पडदा घेऊ नये. तो डब्यातच वाळलेला असतो.

गंजलेल्या सुट्या वस्तूंसाठी, म्हणजे बिजागऱ्या, ब्रॅकेट, जॅक, एअर क्लीनरचं भांडं, दोन रस्ते आहेत. एक विजेचा. प्लॅस्टिकच्या टबमध्ये लिटरला १० ते १५ ग्रॅम धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची निगेटिव्ह तार वस्तूला, पॉझिटिव्ह सळईच्या तुकड्याला. सळई साधी, जालन्याच्या मिलची असली तर उत्तमच. स्टेनलेस स्टील नको, त्यातून पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. दोन्ही टोकं एकमेकांना टेकू द्यायची नाहीत. हायड्रोजन निघतो म्हणून हे काम अंगणात, ठिणगीपासून लांब करावं आणि तार काढायच्या आधी चार्जर बंद करावा. रात्रभरात गंज काळ्या चिखलासारखा होतो, तो घासला की जातो. स्प्रिंगा यात टाकू नयेत, हायड्रोजन पोलादात शिरून त्या ठिसूळ होतात.

दुसरा रस्ता मळीचा. पशुखाद्यासाठी मिळणारी मळी एक भाग, पाणी नऊ भाग, वस्तू बुडवून विसरून जायचं. दोन-तीन आठवडे. गंज विरघळतो आणि चांगल्या लोखंडाला फारसा धक्का लागत नाही. उन्हाळ्यात हे पिंप चौथ्या दिवशी आंबतं आणि शेजारी विचारायला येतात, म्हणून ते गोठ्याच्या बाजूला ठेवावं. जस्त आणि ॲल्युमिनियम दोन्हीकडं वर्ज्य. बाहेर काढल्यावर धुऊन लगेच उन्हात. इकडचं ऊन या कामासाठी वरदान आहे, पण पाणी वाळताना दहा मिनिटांत नारिंगी पावडर चढते, त्यामुळं लोखंड हाताला गरम लागताच तेलाचं फडकं फिरवावं. प्रायमर मारायचा असेल तर तेल नको, लगेच प्रायमर.

खिडक्यांच्या रबरांवर लिहिण्यासारखं फार नाही. ४४-४५ अंशांत उभ्या गाडीचं रबर जगत नाही. मऊ करण्याचे सगळे उपाय चार महिन्यांचे. नवं घ्यावं आणि गाडी सावलीत लावावी.

ब्रेक शेवटी, कारण तिथं घाई झाली तर बाकी काही उरत नाही. जुन्या गाड्यांत पुष्कळदा चारी चाकांना मिळून एकच सर्किट असतं, एका चाकाचा सिलिंडर गळला की पॅडल जमिनीला. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं. नवं डॉट ३ ऑइल २०५ अंशांना उकळतं, ओल पिऊन झाल्यावर तेच १४० वर येतं. ती ओल सिलिंडरच्या तळाशी साचते आणि बिडाच्या बोअरला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पाडते. सिलिंडर उघडून, मिथिलेटेड स्पिरिटनं पुसून, बोटाचं नख आत फिरवावं. नख अडकलं नाही तर बारीक होननं (बोअर आतून घासायच्या हत्यारानं) हलकेच उजळून नवे रबरी कप टाकावेत. नख अडकलं तर तो सिलिंडर घरी दुरुस्त होत नाही. लेथवाल्याकडून बोअर वाढवून पितळेची स्लीव्ह घालून घ्यावी किंवा नवा घ्यावा. होन मारत मारत खड्डा घालवायला गेलं की बोअर मोठा होतो आणि कप बाजूनं ऑइल सोडतो.

कप बसवताना ताजं ब्रेक ऑइलच लावायचं. इंजिन ऑइल, ग्रीस, पेट्रोल यातलं काहीही लागलं की ते रबर फुगतं. फुगलेला कप आधी घट्ट बसतो, पॅडल छान कडक लागतं, सगळे खूश. दोन दिवसांनी ब्रेक सुटत नाही, ड्रम तापतो, चाकातून जळका वास येतो. हात धुऊन काम करावं, हे वाक्य इथं अक्षरशः घ्यायचं.

ब्रेकच्या पाइपांतली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून (पॅडलनं दाबला जाणारा मुख्य सिलिंडर) सगळ्यात लांबचं चाक आधी. पॅडल दाबणाऱ्यानं आणि चाकापाशी हवा सोडायचं निपल उघडणाऱ्यानं एकमेकांशी मोठ्यानं बोलत राहावं, ‘दाबलं’, ‘बंद केलं’, ‘सोड’. निपल बंद होण्याआधी पॅडल सुटलं की हवा परत आत. ब्रेक ऑइलची डबी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नये. रंगावर थेंब पडला तर पुसू नये, पाणी ओतावं, पुसल्यानं रंगच निघतो.

सगळं बसल्यावर पॅडल आणि सीटमध्ये लाकडाचा ठोकळा अडकवून पॅडल दाबलेलंच ठेवावं. चारी चाकांच्या आतल्या बाजूला, बॅकप्लेटखाली, वर्तमानपत्राचं एकेक पान पसरावं आणि त्यावर पेनानं चाकाचं नाव लिहावं. सकाळी ठोकळा तसाच घट्ट आहे का बघावं, मग कागद उचलून उजेडात धरावेत. ऑइलचा डाग कागदावर पारदर्शक दिसतो, पाण्याचा वाळून गेलेला असतो. ज्या चाकाच्या कागदातून उजेड आला, ते चाक पुन्हा खोलावं.